विहीणबाईंची ताटं

सभागृह समितीचे सन्माननीय अध्यक्ष, ज्यांच्या हॉस्पिटलात आमच्या विहीणबाईंनी सबंध नोकरी काढली ते आजचे प्रमुख पाहुणे मोठे डॉक्टरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे त्याच माझ्या विहीणबाई आणि तुमच्या सगळ्यांच्या ताटवाल्या सिस्टर, समितीचे पदाधिकारी, गल्लीतल्या घराघरांतून आलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, मागच्या दाराशी उभं राहून केव्हा एकदा जेवायला बसतो असं झालेल्या मित्रांनो, आणि पहिल्या रांगेत बसून नुसत्या डोळ्यांनी मला ‘आटोपतं घ्या’ असं बजावणारी माझी सौभाग्यवती, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्ष मला मघाशी कानात म्हणाले, थोडक्यात बोला. आता तुम्हीच सांगा, व्याह्याच्या हातात माईक द्यायचा, समोर विहीणबाईंना बसवायचं, आणि वर म्हणायचं थोडक्यात बोला, हा कुठला न्याय झाला? तरी मी प्रयत्न करतो. जमलं नाही तर अध्यक्षांनी खुशाल घंटा वाजवावी. मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि घंटा उजवीकडेच आहे.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारपेठेत माझं होलसेलचं दुकान आहे. माल कसला? एकदा वापरून फेकायच्या प्लेटा, वाट्या, ग्लास, चमचे. लोक मला तोंडावर शेट म्हणतात आणि पाठ फिरली की थर्माकोलशेट. डाव्या कानानं मला दोन्ही ऐकू येतं. तर असा हा थर्माकोलशेट आज ताटवाल्या सिस्टरांच्या सत्काराला उभा आहे. समितीनं बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला बोलावलं की गंमत बघायची म्हणून, ते समितीलाच ठाऊक.

आपण सगळे आज इथे का जमलो? विहीणबाई गाव सोडून आपल्या थोरल्या बहिणीकडे कायमच्या निघाल्या आहेत. बहिणीची नजर जवळजवळ गेली आहे, घरात दुसरं कुणी नाही. आईच्या माघारी त्या बहिणीनंच यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. तेव्हा जाण्याबद्दल कुणाचं दुमत नाही, त्यांचं तर नाहीच. प्रश्न तो नाही. प्रश्न या भिंतीपलीकडच्या खोलीतल्या कपाटाचा आहे.

त्या कपाटात ताटं आहेत. गल्लीतल्या कुठल्याही कार्याला फुकट मिळणारी स्टीलची ताटं. समितीनं ठराव केला आहे की विहीणबाई गेल्यावर खोलीत व्यायामशाळा काढायची आणि ताटं भंगारात द्यायची. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. अध्यक्ष, असे अवघडून बसू नका, मी तुम्हाला धारेवर धरायला उठलेलो नाही. तुम्ही भर सभेत विचारलं होतंत, सिस्टरांच्या मागे हे कोण सांभाळणार? एकही हात वर झाला नाही. मी होतो त्या सभेत. माझाही झाला नाही.

विहीणबाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. पण त्यांची लेक माझ्या घरात आहे ना! मला खबर मिळते. सूनबाई सांगते, आई रोज सकाळी येऊन कपाट उघडते, एकेक ताट पुसते आणि परत होतं तसं ठेवते. जेवण निम्म्यावर आलंय. अहो, जी बाई आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्यांना धीर देत आली, ती एका कपाटापुढे अशी बसते, हे मला बघवत नाही. म्हणून आज उठलो.

हे कपाट आलं कुठून? नव्या पिढीला माहीत नसेल. याच हॉलमध्ये एक भलंमोठं लग्न झालं होतं. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतलं गटार तुंबलं आणि तळमजल्यावरच्या लोकांच्या घरात ते काळं पाणी शिरलं. गटारात काय निघालं, हे मी माझ्या तोंडानं सांगायला हवं का? विहीणबाई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या घरोघर गेल्या. पैसे मागितले नाहीत. म्हणाल्या, ‘तुमच्या घरातलं एक ताट द्या. नको असलेलं नको, ज्यात तुम्ही स्वतः जेवता तसलं द्या.’ म्हणून त्या कपाटात कुठलीही दोन ताटं एकसारखी नाहीत. कुणाचं खोलगट, कुणाचं पसरट, कुणाच्या सासऱ्यांचं, कुणाला शाळेत बक्षीस मिळालेलं. या गल्लीतलं असं घर नाही ज्याचं ताट त्यात नाही.

ताटं न्यायला अट एकच. कार्य ज्याच्या घरचं, त्याच्याच घरच्या माणसानं नळाशी उभं राहून ती घासायची. नोकर चालणार नाही, भाड्यानं आणलेली माणसं चालणार नाहीत. विहीणबाई शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि प्रत्येक ताटाच्या कडेवरून बोट फिरवणार. बोट अडलं की ताट परत. हॉस्पिटलात कात्र्या-चिमटे तपासलेलं बोट ते! डॉक्टरसाहेब हसतायत, म्हणजे त्यांनाही या बोटाचा प्रसाद मिळालेला दिसतो.

एका बड्या साहेबांनी मुलाच्या वाढदिवसाला ताटं नेली आणि घासायला ड्रायव्हरला पाठवलं. विहीणबाईंनी विचारलं, ‘वाढदिवस ड्रायव्हरच्या मुलाचा होता का?’ साहेब स्वतः आले, हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बसले घासायला. दुसरा प्रसंग तर मी स्वतः पाहिला आहे. दोन सख्खे भाऊ, जागेवरून बिनसलेलं, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. वडील गेले. दिवसांचं जेवण इथे झालं आणि नळाशी दोघांनाही उभं राहावं लागलं. एक घासतोय, एक विसळतोय. आता, मनात कितीही राग असू द्या, ‘साबण सरकव’ इतकं तरी बोलावंच लागतं की नाही? साबणावरून सुरुवात झाली आणि शेवटी दोघं वडिलांची आठवण काढून तिथेच रडले. जागेचा वाद अजून आहे म्हणतात. पण बोलून भांडतात आता, हे काय थोडं झालं?

माझा आणि यांचा संबंध कसा आला, ते ऐका. या भागातला माझा माल उठेना. मी आमच्या विक्रेत्याला झापलं. तो म्हणाला, ‘शेट, तिकडं एक सिस्टर आहे. तिच्यापुढं आपलं काही चालत नाही.’ म्हटलं बघू तरी कोण ही बाई! कुणाच्या तरी बारशाचं निमित्त काढून आलो, जेवलो, आणि सवयीप्रमाणे ताट खुर्चीखाली सरकवून उठलो. मागून आवाज आला, ‘अहो पाहुणे, ते चालत येणार नाही नळापर्यंत.’

मी ओळख दिली. म्हटलं, सिस्टर, कशाला या वयात हा उपद्व्याप? घासायचं, पुसायचं, मोजायचं! तुमच्या गल्लीला मी माल फुकट देतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘फुकट देता? आणि मग उचलतो कोण?’ मी म्हटलं, कचऱ्याची गाडी येते की. तर म्हणतात, ‘गाडी नेते हो. नेऊन कुठे ठेवते, ते बघायला गेलायत कधी?’ मी हसण्यावारी नेलं आणि काढता पाय घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचे चिरंजीव सुट्टीच्या दिवशी घरातून गायब व्हायला लागले. विचारलं तर म्हणे समाजकार्य. मला वाटलं, शाब्बास, पोरगा शत्रूच्या गोटात शिरून बातम्या काढतोय. कसल्या बातम्या आणि कसलं काय! इथल्या नळाशी एक मुलगी ताटं घासायची आणि आमचा दिवटा तिच्या शेजारी उभं राहायला मिळावं म्हणून विसळायचा. घरी ज्यानं कधी पाण्याचा पेला जागेवर ठेवला नाही, तो! मुलगी कुणाची, हे कळल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. सौभाग्यवती मात्र ‘बरं झालं’ म्हणाली आणि कामाला लागली.

लग्नाची बोलणी करायला बसलो. मी तयारीनं गेलो होतो. विहीणबाई म्हणाल्या, ‘देण्याघेण्याचं काही नाही. मुलं खूश आहेत, मी खूश आहे. जेवण तेवढं आमच्या ताटांत होऊ द्या.’ मी चाट पडलो. म्हटलं, बाई, माझे गिऱ्हाईक, माझे अडते, सगळा बाजार येणार लग्नाला! थर्माकोलशेटच्या पोराच्या लग्नात स्टीलची ताटं? माझी पत काय राहील? त्यावर आमच्याच पार्टीतून, म्हणजे सौभाग्यवतीच्या तोंडून आवाज आला, ‘प्लेट वाकून रस्सा लोकांच्या कपड्यांवर सांडतो, तेव्हा कुठं जाते हो तुमची पत?’ झालं. बोलणी तिथेच संपली.

लग्न दुपारचं होतं. छान झालं. जेवणं सुरू झाली आणि मी बघितलं, माझी मंडळी पोटभर जेवतायत, त्या खोलगट-पसरट ताटांची चेष्टा करतायत, पण जेवतायत. म्हटलं चला, निभावलं. जेवणं उरकली. विहीणबाई नळाशी खुर्ची टाकून बसल्या. नवरा-नवरी बाह्या सरसावून उभे. आणि ताटं काही येईनात.

आमच्या बाजूचे पाहुणे सगळे माझ्याच धंद्यातले हो! जन्मभर एकच सवय. जेवायचं, उठायचं, कोपऱ्यातल्या पिंपात टाकायचं. कागदी रुमाल टाकायला म्हणून आम्ही पिंपं ठेवली होती, त्यांत या पठ्ठ्यांनी जेवून झाल्यावर ताटंच्या ताटं टाकली. सफाईवाल्यांनी पिशव्या बांधल्या. कचऱ्याची गाडी एरवी वाट बघायला लावते, ती त्या दिवशी वेळेवर हजर! गाडीवाल्याला पिशव्या जड लागल्या म्हणे. त्याला वाटलं, शेटच्या घरचं लग्न, उष्टं जास्त असणार. इकडे आम्ही ताटं शोधतोय आणि माझा एक अडत्या छाती फुगवून सांगतोय, ‘शेट, हॉल कसा चकाचक करून दिला बघा आम्ही!’

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. विहीणबाईंपुढे हात जोडले. म्हटलं, उद्याच्या उद्या नवी आणून देतो. एका छापाची, चकचकीत, म्हणाल तेवढी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढंच म्हणाल्या, ‘ती माझी असती तर घेतली असती हो. लोकांनी विश्वासानं घरातलं ताट दिलंय.’ आणि चपला घालून निघाल्या. नवरी म्हणाली, ‘आई, मी येते.’ तर म्हणाल्या, ‘तू थांब. तुझं लग्न आहे.’ मग मी कसा थांबणार? रस्त्यावर तयार गाडी एकच होती, नवरा-नवरीसाठी फुलांनी सजवलेली. त्या गाडीत बसून आम्ही व्याही-विहीण कचरा डेपोवर गेलो. फाटकावरचा रखवालदार आमच्याकडे बघतच राहिला.

डेपो मी पहिल्यांदा पाहिला. मोठी पत्र्याची शेड, तिच्यामागे ढीग, ढिगामागे ढीग. वास असा की नाक धरूनही उभं राहवेना. तिथला माणूस म्हणाला, आता काय सापडणार? विहीणबाईंनी त्याच्याकडून एक काठी मागून घेतली आणि पिशव्यांना टोचत चालायला लागल्या. कान देऊन. स्टील लागलं की टण्ण वाजतं ना! वाजलं की वाकायचं, पिशवी फाडायची, ताट काढायचं. मी नव्या कोटात त्यांच्या मागोमाग.

आणि ताटं काढता काढता माझ्या हाताला एक प्लेट लागली. थर्माकोलची. जुनी, मातकट झालेली, पण सबंध. मागे दुकानाचं नाव उमटलेलं होतं. आत्ताचं नव्हे. माझ्या वडिलांच्या वेळचं नाव. वडील जाऊन किती वर्षं झाली. त्यांचं दुकान पाडून मी नवं बांधलं, पाटी बदलली, त्यांनी लावलेलं काहीसुद्धा माझ्याकडे उरलेलं नाही. आणि कुणीतरी एका जेवणापुरती वापरलेली ती प्लेट तिथे शाबूत होती. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

विहीणबाई दोन पावलांवर होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पाहिलं, नाव वाचलं. मंडळी, त्या वेळी त्या काहीही बोलू शकल्या असत्या. मला पाणी पाजायची अशी संधी जन्मात पुन्हा आली नसती. मी त्यांच्या जागी असतो तर सोडलं नसतं, खरं सांगतो. त्या काय म्हणाल्या? ‘व्याही, तुमच्या पायापाशी वाजलं बघा काहीतरी.’ बस. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी त्या प्लेटचा विषय काढलेला नाही, घरातसुद्धा नाही. विरोधकाला हरवणारी माणसं मी बाजारात रोज बघतो. त्याची लाज राखणारं माणूस मी एवढं एकच पाहिलं.

जवळजवळ सगळी ताटं मिळाली. परत आलो आणि मी कोट काढून नळाशी उभा राहिलो. विसळून ताट पुढे केलं. यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘कड चिकट आहे.’ वरपित्याला! लग्नाच्या दिवशी! मी निमूट परत घासलं.

मी त्यानंतर साधूसंत झालो, असं समजू नका. दुकान चालू आहे. थर्माकोल ठेवणं बंद केलं, कागदी माल विकतो. संसार आहे, खोटं कशाला बोलू? विहीणबाईंनी कधी ‘धंदा बंद करा’ म्हटलं नाही. पण वर्षानुवर्षं येणं-जाणं असून त्या आजवर माझ्या दुकानात आलेल्या नाहीत. घरी येतात, चहा घेतात, नातवंडाला खेळवतात. दुकानात बोलावलं की म्हणतात, ‘पुढच्या वेळी.’ मी काय ओळखत नाही का?

तर आता मुद्द्याचं. अध्यक्ष, घंटेला हात लावू नका, हेच शेवटचं आहे. सोमवारचा टेम्पो रद्द करू नका. येऊ द्या. फक्त भंगारवाल्याकडे न नेता माझ्या दुकानाकडे वळवा, भाडं मी देतो. दुकानाची दर्शनी बाजू मी रिकामी केली आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला आधी विहीणबाईंचं कपाट दिसेल. कार्याला ताटं हवीत? ही घ्या, फुकट आहेत. एवढं ऐकूनही ज्याला नकोच असतील त्यानं आत माझ्याकडे यावं. सौभाग्यवती म्हणते, असा धंदा करणारा दुकानदार जगात दुसरा नसेल. असू दे. सभेत त्या दिवशी हात वर झाला नाही, तो आज करतो.

काय म्हणता विहीणबाई? माईक द्या रे त्यांना. नको? बरं, मीच सांगतो. त्या विचारतायत, दुकानाला नळ आहे का? आहे. मागच्या बाजूला नवा ओटा बांधून घेतलाय, पाण्याला उतार दिलाय, पाणी झाडांना जातं.

आणखी काय? नळाशी खुर्चीवर बसणार कोण? ...

हा प्रश्न येणार, हे माहीत होतं मला. सूनबाई म्हणाली, बाबा, मी बसते. पोरगा म्हणाला, मी बसतो. पण विहीणबाई, शब्द मी देतोय, तर मीच बसणार. हसू नका लोकहो! बोट माझंही काही कमी नाही, नोटांवरून फिरून फिरून तयार झालंय. मात्र मला शिकवायला तुम्हाला एकदा दुकानात यावं लागेल. सोमवारी, टेम्पोबरोबर. या वेळी ‘पुढच्या वेळी’ म्हणू नका, कारण पुढची वेळ आता आपल्या दोघांकडेही राहिलेली नाही.

मान हलवली! पाहिलंत ना सगळ्यांनी? अध्यक्ष, सभेच्या वृत्तांतात घाला, सिस्टरांनी मान हलवली. अहो, आता डोळे पुसू नका, मलाही पुढचं बोलायचं आहे.

समितीनं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, डॉक्टरसाहेबांनी जेवणाची वेळ टळली तरी तक्रार केली नाही, या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही. विहीणबाई, तुमच्या थोरल्या बहिणीला आमच्या सगळ्यांचा नमस्कार सांगा. आणि तुम्ही इथली काळजी करू नका. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कुणाला लागेलसं बोललो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आता उठा सगळे, पानं मांडली आहेत. जेवून झाल्यावर ताट पिंपात टाकू नका, माझ्याकडे आणून द्या. मी नळाशी आहे.